विमानांवरचा हिरवा

बाबा, तुम्हाला केशरी आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिते आहे, आणि लिहिल्याबरोबर दाराकडे पाहून घेतलं, कोणी आलं तर नाही ना. कटंगीच्या या घरात दुपारी आता माझ्याशिवाय कोणी नसतं. तुमची राख वैनगंगेत सोडून कितीतरी पावसाळे झाले. तरी मान दाराकडे वळतेच, असा धाक तुम्ही घालून ठेवला. बालाघाटच्या शाळेत तुम्ही ड्रॉइंग मास्तर होतात, सगळं गाव तुम्हाला मास्साब म्हणायचं, आणि तुमची विमानं पाहायला गोंदियाहून माणसं छोट्या लाइनच्या आगगाडीने यायची. वीतभर-हातभर लांबीची, हुबेहूब रंगवलेली, पंखांवर तिरंगी गोल असलेली नमुन्याची विमानं. लाकूड तुम्ही तासलं, रेघ तुमची, ते मी कधी नाकारलं नाही. पण त्यांच्यावरचा एकूण एक रंग मी कालवलेला होता, आणि तुम्ही मरेपर्यंत सांगत राहिलात, "पोट्टी फक्त पानी द्यायची." त्या एका वाक्यासाठी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. प्रेमाचं पत्र हवं असेल तर तुमच्या मुलाकडून लिहून घ्या.

मला कळलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. फाल्गुन महिना, बिरसा गावाकडे कोणाच्या तरी लग्नाला आपण बसने निघालो आहोत. जंगल सुरू झालं तशी बसमधली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांकडे झुकली, कारण पळस फुलला होता आणि सागाच्या झाडांमधून जिथे तिथे तोच दिसत होता. "अरे बापा, जंगल पेटल्यावानी दिसून राह्यलं," आई म्हणाली. तुम्ही बाहेर पाहता आहात. तो चेहरा मला अजून आठवतो, वर्गात प्रश्नच न कळलेल्या पोराचा. "कुठं?" तुम्ही हळूच आईला विचारता. मी सीटवर उभी राहून बोट दाखवते, "थो पाहा ना बाबा, लाल लाल! तुमाले दिसत नाई काय?" आणि तुम्ही माझ्या दंडाला असा चिमटा काढलात की मला रडूसुद्धा फुटलं नाही. "बसमंधी वरडू नोको." समोरचा माणूस कौतुकाने हसला, त्याला वाटलं, मास्तर शिस्तीचे आहेत. आई लगेच आंदणाच्या भांड्यांबद्दल बोलायला लागली. लग्नघरी बायकांनी दंडावरचा काळानिळा डाग पाहून विचारलं, तर मी म्हणाले, मुंगळा चावला. मला तसं सांगायला कोणी शिकवलं नव्हतं. तुमच्यासाठी पहिलं खोटं मी तिथे बोलले.

घरी आल्यावर आईने स्वयंपाकघरात मला जवळ बसवलं. ती वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. "तुह्या बाबाले लाल अन् हिरवं सारखंच दिसते," ती म्हणाली, "जन्मापासून. कोनाले सांगशीन तर याद राख. सरकारी नौकरी हाय. ड्रॉइंगच्या मास्तराले रंग दिसत नाई म्हनल्यावर कोन ठेवन त्याहिले?" मी विचारलं, "मंग ते रंगवतात कसे?" तेव्हा तिने कपाटातल्या रंगाच्या बाटल्या दाखवल्या. झाकणांवर तुम्ही चाकूने खाचा पाडून ठेवल्या होत्या. एक खाच म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा, आडवी खाच म्हणजे तपकिरी. बोटाने चाचपून तुम्ही रंग ओळखायचात. शाळेत रंगाच्या तासाला तुम्ही म्हणे पोरांनाच उठवायचात, "बोल, हा कोनता रंग?" पोरगं जे सांगेल त्याला तुम्ही "बरोबर" म्हणून खाली बसवायचात. चुकलं तरी बरोबर! काय पण शिकवणं!

तिथवरही मी तुम्हाला माफ केलं असतं. जन्माने जे मिळालं त्याला माणूस काय करणार? पण पासष्टची लढाई झाली आणि गावाला विमानांचं वेड लागलं. चहाच्या टपरीवर माणसं हाताचा पंजा आडवा करून विमानं उडवून दाखवायची. तुम्ही जंगलातून सावरीचं लाकूड आणलं, हलकं आणि मऊ म्हणून, आणि मासिकातल्या चित्रावरून एक लढाऊ विमान कोरून काढलं. घासकागदाने घासून घासून त्याला असं गुळगुळीत केलंत की हात फिरवावासा वाटे. ट्रंकांना मारतात तो चंदेरी रंग त्याला दिलात. इथपर्यंत ठीक होतं. पंखांवरचे गोल तेवढे राहिले होते, आणि ते तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत काढलेत. मी तेव्हा तुमसरला मामाकडे होते. त्याच सुट्टीत आईने साफसफाईत सगळ्या बाटल्या पुसल्या आणि झाकणांची अदलाबदल झाली. तुम्ही खाचा चाचपल्या आणि आत्मविश्वासाने रंग भरलात. आपल्या विमानांचा गोल बाहेरून हिरवा, मध्ये पांढरा आणि पोटात केशरी असतो. तुमचा झाला बाहेर केशरी आणि पोटात हिरवा. आईला ते निशाण कसं असतं ठाऊक नव्हतं, आणि मी परत आले तोवर विमान शाळेच्या कपाटात कुलपात गेलं होतं.

सव्वीस जानेवारीला शाळेत प्रदर्शन. आई आणि मी गर्दीत उभ्या आहोत. हेडमास्तर विमानापाशी थांबतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, "मास्साब, ये निशान तो उल्टा है. बीच में हरा?" माणसं हसली. मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही गोलाकडे पाहिलंत, मग हेडमास्तरांकडे, मग गर्दीत मला शोधलंत आणि बोट दाखवलंत. "सर, ये हमारी लड़की का काम है. रात में चुपके से हाथ चला दिया." मला पुढे ओढून नेलंत. "चाल, माफी माग." सगळ्या मास्तरांसमोर, पाचवी-सहावीच्या पोरांसमोर मी म्हणाले, "गलती हो गई सर." हेडमास्तरांनी डोक्यावर हात ठेवला, बच्ची है म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, पण चोराने आपल्याच पोरीला पोलिसात द्यावं हे त्या दिवशी पाहिलं. मी तुमसरला होते, बाबा! त्या विमानाला मी बोटही लावलं नव्हतं. आईने घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तुम्ही टेबलाजवळ बसला होतात. समोर ते विमान, गोल खरवडून काढलेले. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. काहीतरी म्हणजे माफी नाही, बाप कुठे पोरीची माफी मागतो, पण निदान एखादा पेढा, एखादं "जाऊ दे बाई". तुम्ही म्हणालात, "आजपासून रंग तू कालवायचे. अन् हे घराच्या भायेर जाता कामा नाई." बस. मी बसले तुमच्या शेजारी. आणि मला आवडलं हो ते काम, तिथेच माझं नशीब फसलं. सायकलवाल्यांचा एनॅमल रंग डब्यातून निघतो तो भडक असतो. खऱ्या विमानाचा हिरवा तसा नसतो. पत्रावळीतलं पळसाचं पान वाळत आलं की जसं दिसतं तसा तो हवा. मी हिरव्यात थोडा काळा, थोडा पिवळा आणि नखावर मावेल एवढा तांबडा घालत घालत तो काढला. तारपीन टाकून पातळ करायचा, एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा हात. जाड एकच हात दिला की ब्रशाचे ओरखडे दिसतात आणि विमान न वाटता फाटक वाटतं. भरवेलीच्या खाणीतून मॅंगनीज भरून ट्रक जायचे त्यांची धूळ सगळीकडे बसायची, म्हणून रंगवलेलं विमान आपण बांबूच्या डालीखाली झाकायचो आणि वर ओलं फडकं टाकायचो. शेजारीण विचारायची, "कोंबडी बसवली का वं?"

मग आईचा मुंबईच्या गोदीतला चुलतभाऊ प्लॅस्टिकचं पहिलं विमान घेऊन आला. डब्यात सुटे भाग, आणि एका कागदावर छापलेले इंग्रजांच्या विमानांचे लाल-निळे गोल. ट्रान्सफर म्हणतात त्याला हे त्यानेच सांगितलं. कागद कोमट पाण्यात बुडवला की वरचं चित्र सुटतं आणि ब्रशाने पंखावर सरकवता येतं. तुम्ही तो कागद दोन बोटांत धरून चाखूनसुद्धा पाहिलात. "डिंक हाय," तुम्ही म्हणालात. आणि मग तुम्ही जे केलंत त्याला तोड नव्हती, हे शत्रूनेही कबूल करावं. आपल्याला तिरंगी गोल हवे होते, ते कुठे विकत मिळत नव्हते, तर तुम्ही ते घरी बनवलेत. जंगलातला धावड्याचा डिंक पाण्यात विरघळवून कागदावर त्याचा पातळ थर, तो वाळल्यावर वार्निशाचा थर, त्यावर कंपासाने तुमचे गोल. ते गोल पाहून छापलेले आहेत म्हणून लोक पैज लावायचे. आत रंग मी भरायची, वरून पुन्हा वार्निश. मग कापून पाण्यात टाकायचे, सुटले की पंखावर सरकवायचे आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीने दाबून पाणी काढायचं. पहिल्या पावसाळ्यात त्या डिंकाला मुंग्या लागल्या आणि अख्ख्या विमानदलाचे गोल खाऊन गेल्या. त्या दिवशी मात्र आपण दोघं हसलो होतो.

आणखी एक तुमचं देणं आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल पोरगी एकतर्फी बोलते. विमान मळवायचं मला तुम्ही शिकवलंत. "नवं कोरं विमान खोटं दिसते," तुम्ही म्हणायचात. "जे उडते थे मळते." कंदिलाच्या काचेवरची काजळी घेऊन तुम्ही इंजिनाच्या तोंडामागे धुराचा पट्टा ओढायचात, पुढे गडद आणि मागे विरत जाणारा. मॅंगनीजची बारीक धूळ कापसाने चोळून पंखांच्या सांध्यांत बसवायचात. चाकांना गेरू. पायलट जिथे पाय देऊन चढतो तिथला रंग घासकागदाने उडवून खालची चंदेरी दाखवायचात. उजेड आणि सावली तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त दिसायची. तिथे तुम्हाला माझी गरज नव्हती, आणि म्हणूनच की काय, तिथे तुम्ही माझ्याशी नीट बोलायचात. राग नाही, घाई नाही, हात धरून शिकवणं. मला त्या दुपारी चांगल्या आठवतात आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. तसं वागता येत होतं तर बाकीच्या वेळी काहून नाही वागलात?

लोकांसमोर रंग लावायची वेळ आली तर आपली एक खूण ठरलेली होती. तुमचा हात बरोबर बाटलीवर गेला की मी विचारायचं, "पानी देऊ का बाबा?" चुकीच्या बाटलीवर गेला की, "कापड देऊ का?" कोणाला काही कळायचं नाही. गुणी मुलगी, बापाच्या हाताखाली राबते, एवढंच दिसायचं.

मी अकरावीला असताना शाळेत मोठं प्रदर्शन झालं. आपली तेव्हा चांगली टेबलभर विमानं होती. जबलपूरहून विमानदलातले एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून आले होते, पांढऱ्या मिशांचे, शांत. सकाळी एका विमानाचा गोल नेताना खरचटला होता आणि तुम्ही मला न विचारता त्यावर हात फिरवला होता. पाहुणे नेमके तिथेच वाकले. "मास्साब, केसरी कुछ ज़्यादा लाल हो गया. हमारा निशान ऐसा नहीं होता. अभी ठीक कर दीजिए, फिर फोटो लेंगे." टेबलावर बाटल्या होत्या, पण शाळेच्या पोरांनी हौसेने सगळी झाकणं उघडून एका ताटलीत ढीग करून ठेवली होती. खाचा गेल्या. तुमचा हात बाटल्यांवर थांबला. तुमच्या मानेवर घाम आला तो मला मागून दिसत होता. हात हिरव्यावर गेला. "कापड देऊ का बाबा?" हात तपकिरीवर गेला. "कापड देऊ का?" हेडमास्तर वैतागून म्हणाले, "अरे बेटा, काम करने दो उन्हें." हात पिवळ्यावर आला. "पानी देऊ का बाबा?" मग तांबड्याच्या एका थेंबाला पाणी, आणि दुसऱ्या थेंबाला कापड. केशरी बरोबर उतरला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. त्या फोटोत माझा फक्त कोपर आहे.

पाहुण्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. सगळे चहाला वळल्यावर ते माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, रंग कौन मिलाता है?" तुम्ही पलीकडून माझ्याकडे पाहत होतात. मी म्हणाले, "बाबा मिलाते हैं." ते हसले. तुम्हाला बोलावून म्हणाले, "मास्साब, इस लड़की को नागपुर भेजिए, आर्ट स्कूल में. ऐसी आँख रोज़-रोज़ नहीं मिलती. वहाँ मेरी पहचान है, दाख़िला मैं देख लूँगा." सगळ्या स्टाफसमोर तुम्ही हात जोडून म्हणालात, "जी, ज़रूर भेजेंगे." मी ते ऐकलं, बाबा. घरापर्यंत मी चालत आले की उडत आले मला ठाऊक नाही. माझी बॅग कोणती, नागपूरच्या आत्याकडे माझी झोपायची जागा कोणती, सगळं मी वाटेतच ठरवलं होतं.

घरी आल्यावर तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "नागपूर-बिगपूर काही नाई." मी विचारलं, काहून? तर म्हणे नागपूर आता परराज्य आहे, छप्पन सालीच आपलं त्याच्याशी नातं सुटलं, मध्यप्रदेशच्या पोरीला तिथे कोण विचारतो. वा रे वा! तुमची सख्खी बहीण नागपुरात राहत होती. वर्षाआड दिवाळीला आपण राजेगावची सीमा ओलांडून तिच्याकडे अनारसे खायला जात होतो, तेव्हा ते परराज्य नव्हतं. फक्त शाळा परराज्यात होती. मी तोंड वर करून तसं बोलले, आणि तुम्ही पट्टी फेकून मारलीत. मी रडत स्वयंपाकघरात गेले. आई भाताची पेज काढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं आणि खरं ते सांगितलं, जे सांगायची तुमची छाती झाली नाही. "तू गेली तं त्याहिले रंग कोन सांगन? आज कसं झालं थे पाह्यलं ना तू? नौकरी गेली तं आपन चौघं खाऊ काय? थांब थोडे दिवस. रिटायर झाले का जाजो." मी म्हणाले, "माह्या जिंदगीचं काय मंग?" आईने पेजेत मीठ टाकून वाटी माझ्यापुढे सरकवली.

तुम्ही स्वतः येऊन म्हणाला असतात ना, "पोरी, मले दिसत नाई, मले तुही गरज हाय," तर मी राहिले असते. खुशीने राहिले असते. इथे तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि त्यावर कळस म्हणजे तो रंगांचा डबा. पुढच्या आठवड्यात तुम्ही गोंदियाहून नवा डबा आणलात, छोट्या छोट्या बाटल्या, चांगल्या कंपनीच्या. माझ्या हातात देऊन म्हणालात, "हे तुह्यासाठी." मी खोटं बोलणार नाही, मी विरघळले. बापाने पोरीसाठी काही आणलं होतं. मी झाकण उघडायला गेले तर बोटाला खाच लागली. एक खाच. शेजारच्या बाटलीवर दोन. तुम्ही देण्याआधीच सगळ्या झाकणांवर खाचा पाडून ठेवल्या होत्यात. अख्ख्या बालाघाटात असा बाप दुसरा सापडायचा नाही, पोरीला भेट देताना आधी स्वतःची सोय पाहणारा. तो डबा मी परत तुमच्या टेबलावर ठेवला, आणि तुम्हाला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. त्याच संध्याकाळी तुम्ही त्यातला हिरवा उघडून विचारलंत, "हा बरोबर हाय ना?"

मी सांगितलं, बरोबर हाय. आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले. धाकटा भाऊ मात्र जबलपूरला इंजिनीअरिंगला गेला, त्याच्या डोळ्यांची घरात कोणाला गरज नव्हती. निवृत्तीनंतर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर माझं लग्न. कटंगीचं धानाच्या शेतीचं घर, माणसं चांगली, तक्रार नाही. आर्ट स्कूलचा विषय मी आईकडे एकदा काढला तेव्हा ती म्हणाली, आता या वयात पोरासोरांसंगं बसशीन काय? मी रांगोळ्या काढल्या, गौरीचे मुखवटे रंगवले, लेकींच्या फ्रॉकवर फुलं काढली. लोक म्हणायचे, हात चांगला आहे, बापाकडून आला असेल.

एकदा माहेरी आले होते. ओसरीवर तुमच्याकडे भावाचे मित्र बसले होते, विमानं पाहत. एकाने विचारलं, हे रंग तुम्ही कसे हो साधले? मी आत चहा गाळत होते. आता तर नोकरीचं भय नव्हतं, पेन्शन सुरू झाली होती, सांगितलं असतंत तर कोणी तुमचं काय वाकडं करणार होतं? तुम्ही म्हणालात, "नजर पाहिजे. पोट्टी फक्त पानी द्यायची." आयत्या बिळावर नागोबा! मी चहा बाहेर पाठवून दिला आणि पोळ्याच्या सणाची गर्दी असतानाही त्याच दिवशी बसने परत आले.

तुम्ही शेवटचे अंथरुणावर होतात तेव्हा मी आले. माझ्या अंगावर कॉफी रंगाची साडी होती. तुम्ही बराच वेळ पाहून म्हणालात, "हिरवी साडी चांगली दिसते तुले." खोलीत आई होती, भाऊ होता, डॉक्टर होते. मी म्हणाले, "हौ बाबा." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. लोकांना वाटलं, बापलेकीचं प्रेम. मला तर वाटलं, जाता जाताही तुम्ही पारखून घेतलंत, पोरगी तोंड उघडते की नाही.

आणि आता ऐका, हे सगळं आज का उकरलं ते. भावाच्या मुलाचा सकाळी फोन आला. त्याला मराठी समजतं पण बोलतो हिंदीच. "बुआ, स्कूल में दादाजी के प्लेन काँच की अलमारी में लगा रहे हैं. आप दो लाइन लिख दो उनके बारे में, बोर्ड पर लगेगा." मी विचारलं, काय लिहू? तर म्हणाला, "वही, कलर के बारे में. सब वही बोलते हैं." मी फोन ठेवला आणि कागद घेतला. पहिल्यांदा खरं लिहिलं: मास्साबांना रंग दिसत नव्हते, हे रंग त्यांच्या मुलीचे आहेत. मोठ्याने वाचून पाहिलं. काळजाला थंड वाटलं, खरंच सांगते. मग त्या कपाटासमोर उभी राहणारी माणसं डोळ्यांपुढे आली. मास्तर, पोरं, पाहुणे. कटंगीच्या एका म्हातारीने तरुणपणी रंगवलेली विमानं कोण काचेत ठेवतो? रंग न दिसणाऱ्या मास्तराचा बोर्ड कोण लावतो? माझं खरं वाचलं की ती विमानं परत माळ्यावर जातील आणि झुरळं उरलेले गोल खाऊन टाकतील.

तो कागद मी फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, "मास्साबांना रंगांची विलक्षण जाण होती. हे रंग आजही तसेच आहेत." संध्याकाळच्या बसने कोणी बालाघाटला जाणारा मिळाला की त्याच्या हाती पाठवीन. हे पत्र इथेच राहील. भाचा म्हणेल, बुआने दादाजींचं किती छान लिहिलं, आणि तुम्हीही वर बसून मिशीत हसाल, पोरगी शेवटी बापाचीच. हसू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि तुमची लाज राखायला हे लिहिलेलं नाही. मला माझा हिरवा काचेमागे पाहायचा आहे, आणि तुमच्या नावाशिवाय तो तिथे जात नाही.